दोन गंजके वॉशर आणि २०० तास

हेडफोनचा उजवा कप उघडला तेव्हा आत दोन लोखंडी वॉशर निघाले. बोल्टखाली घालतात तसले, साधे. एकाची कड गंजलेली. मुलांच्या खेळायच्या मातीत ते दाबून बसवले होते. डावा कप उघडला तर तिथेही जोडी होतीच. आणि याच वजनाचं मी तीन आठवडे कौतुक करत होतो, ‘आता कसा भारदस्त लागतो हाताला!’ म्हणून.

आवाज सुधारून देतो म्हणणाऱ्या एका माणसाकडे मी हा हेडफोन पाठवला होता, त्याचं हे काम. त्याचं नाव देत नाही. तो नावं बदलत असतो, त्यामुळे देऊनही उपयोग नाही. त्याची पद्धत मात्र सांगतो, कारण ती बदलत नाही.

माझा हेडफोन फॉस्टेक्सचा टी५०आरपी. प्लेनर मॅग्नेटिक प्रकारातला. नेहमीच्या हेडफोनमध्ये पडद्याला तारेचं एक वेटोळं चिकटवलेलं असतं आणि सगळा जोर तेवढ्याच जागी लागतो. प्लेनरमध्ये काही मायक्रॉन जाडीचा सपाट पडदा असतो, त्यावरच धातूची नागमोडी पट्टी असते आणि समोर चुंबकांच्या रांगा. पट्टीतून प्रवाह गेला की पडदा सगळाच्या सगळा एकदम हलतो. कल्पना नवी नाही. यामाहानं १९७० च्या दशकातच ‘ऑर्थोडायनॅमिक’ या नावानं असे हेडफोन काढले होते.

टी५०आरपी ही मॉडिंगवाल्यांची, म्हणजे हेडफोन उघडून त्यात बदल करणाऱ्यांची, उजळणीची पाटी. आतला ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) चांगला, त्याभोवती प्लास्टिकचा कप, आणि कपात हात फिरवायला भरपूर वाव. नमदा लावा, कापूस भरा, कपाच्या झरोक्यावर चिकटपट्टी लावून तो कमी-जास्त उघडा ठेवा, भिंतींना आतून माती थापा, कानावरचे पॅड बदला. प्रत्येक गोष्टीनं आवाज बदलतो आणि तो बदल ऐकू येतो, मोजताही येतो. डॅन क्लार्क यांनी याच हेडफोनमध्ये बदल करून ‘मॅड डॉग’ विकला आणि पुढे ते स्वतःचे हेडफोन बनवू लागले. म्हणजे या कामात खरे कारागीर आहेत. माझा विश्वास बसला तो त्यामुळेच.

गोची अशी, की अस्सल कारागिराच्या मॉडमध्येही शेवटी कापूस, नमदा, चिकटपट्टी आणि मातीच असते. सामान तेच. फरक पडतो तो किती ग्रॅम, कुठे, आणि प्रत्येक पायरीनंतर मोजलं की नाही, एवढ्यावरच. बंद कपाकडे बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच.

या माणसानं मला मातीबितीचं काही सांगितलं नाही. त्याची यादी ऐकण्यासारखी होती. दोन्ही बाजूंचे जोडी जुळवलेले नवे ड्रायव्हर, आत चांदीची तार, कपाच्या कंपनांवर ‘बहुस्तरीय धातूचं दमन’. हे शेवटचं म्हणजे वॉशर, हे आता कळतंय. तसं बघितलं तर खोटं बोलला नाही तो. धातू होता, आणि एकावर एक दोन होते.

सोबत त्यानं आवाजाचा एक आलेख आणि दोन ध्वनिफिती पाठवल्या होत्या, ‘आधी’ आणि ‘नंतर’. कृत्रिम डोक्यावर (कानात मायक्रोफोन बसवलेल्या) हेडफोन चढवून ध्वनिमुद्रण केलंय म्हणे. मी रात्री निवांत बसून ऐकल्या. ‘नंतर’ची खरंच जास्त मोकळी वाटली, तंतुवाद्यं पुढे आल्यासारखी, बेस भरीव. दुसऱ्या दिवशी पैसे पाठवले, सगळे आगाऊ. पाठवताना त्यानं आपुलकीनं सुचवलं, की ‘ओळखीच्या माणसाला पाठवतोय’ हा पर्याय निवडा, तुमचं शुल्क वाचेल. शुल्क वाचलं. खरेदीदाराला मिळणारं संरक्षणही त्या पर्यायात नसतं, हे नंतर तक्रार करायला गेलो तेव्हा वाचलं.

हेडफोन परत आला. खोक्यात एक छापील कागद होता: नवा पडदा ‘मोकळा’ व्हायला २०० तास लागतात, रोज ८ तासांपेक्षा जास्त वाजवू नये, मधे विश्रांती द्यावी, त्याआधी आवाजाविषयी मत बनवू नये. कपाच्या स्क्रूवर चंदेरी सील, ते तुटलं तर हमी संपली. हमी होती २१ दिवसांची.

२०० भागिले ८. पंचवीस. एवढा भागाकार मी तेव्हा केला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

पहिल्या दिवशी हेडफोन कानाला लावला तेव्हा आवाज कोंदट वाटला होता. मनात आलं, थांबू, मोकळा होईल. दहाव्या दिवशी वाटलं, झाला थोडा. आपला मेंदू इतका समजूतदार असतो, की रोज तोच आवाज ऐकवला तर तो त्यालाच नॉर्मल मानू लागतो. वर पैसे देऊन झालेले. पदरी पडलं पवित्र झालं. मी तर एका मित्राला शिफारसही करून बसलो होतो. त्याला नंतर फोन करून ‘पाठवू नकोस’ म्हणताना जी लाज वाटली, ती पैसे गेल्याच्या दुःखापेक्षा मोठी होती.

तेविसाव्या दिवशी उजव्या कानात गुरगुर सुरू झाली. खालच्या पट्टीतला लांब स्वर आला की डबा वाजल्यासारखा आवाज. मी २० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा साधा स्वर वाजवून बघितला. डावी बाजू स्वच्छ. उजवी ६० च्या आसपास आली की खडखडायची. त्याला कळवलं. उत्तर लगेच आलं: “काही कान हळू मोकळे होतात. आणखी १०० तास वाजवा.”

काही कान!

मग मात्र मी सील फोडलं.

वॉशरचं वर सांगितलंच. दुसरी गोष्ट तारेची. आतली तार मूळची होती आणि टोकाचे सोल्डरचे डागही कारखान्यातले, कुणी सोल्डरिंग आयर्न टेकवल्याचंसुद्धा दिसत नव्हतं. (चांदीची असती तरी काय उजेड पडणार होता? प्लेनरचा रोध सगळ्या कंपनसंख्यांना जवळपास सारखा असतो. ५० ओहमच्या ड्रायव्हरपुढे तारेत अर्धा ओहम कमी-जास्त झाला तर आवाज ०.१ डेसिबलपेक्षाही कमी उतरतो आणि तोही सगळीकडे सारखाच. स्वराचा पोत बदलत नाही. हे गणित मला आधीपासून येत होतं. येत असूनही ‘चांदी’ शब्द वाचून मी विरघळलो.)

तिसरी गोष्ट ड्रायव्हरची. मल्टीमीटर लावला, दोन्ही बाजूंना ५० ओहमच्या आसपास. प्लेनरचं हे एक बरं असतं, साध्या मल्टीमीटरवर दिसणारा रोध आणि कागदावरचा इम्पिडन्स (आवाजाच्या बदलत्या प्रवाहाला होणारा रोध) यांत फारसा फरक नसतो, त्यामुळे भलताच ड्रायव्हर बसवला असेल तर बहुतेक वेळा लगेच पकडता येतो. भलता नव्हता, पण नवा तरी होता का? मी डावा ड्रायव्हर उलटा केला. तीन वर्षांपूर्वी पॅड बदलताना उत्सुकतेपोटी सगळं उघडलं होतं, आणि परत बसवताना घोटाळा नको म्हणून चौकटीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं ‘डा’ लिहून ठेवलं होतं.

‘डा’ जागच्या जागी होता. माझ्याच अक्षरात.

त्या क्षणी राग कमी आणि हसू जास्त आलं, खोटं कशाला सांगू.

गुरगुरीचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. गंजक्या वॉशरचे कण सुटले होते. प्लेनरची चुंबकं जोरदार असतात. लोखंडाचा कण जवळ आला की तो फटीत ओढला जातो, पडद्याला टेकतो, आणि पडदा हलला की वाजतो. फुंकर मारून तो निघत नाही. उलट फुंकरीनं पडद्यालाच धक्का बसायची भीती. लाकडी काडीच्या टोकाला चिकट पुट्टी लावून मी जमतील तितके कण उचलले. पोलादी चिमटा किंवा स्क्रूड्रायव्हर इथे चुकूनही जवळ नेऊ नका; चुंबक तो हातातून हिसकावून घेतं आणि टोक थेट पडद्यात जातं. एक कण अजून आत आहे. तो काढण्याच्या नादात पडदा फाडण्यापेक्षा राहू दे म्हटलं.

शिवाय ड्रायव्हरच्या पाठीवरच्या छिद्रांवर जो पांढरा नमदा असतो, तो त्यानं सोलून काढला होता आणि तिथे कापसाचा बोळा कोंबला होता. तो नमदा शोभेचा नसतो, पडद्याच्या हालचालीला लगाम घालतो. माझ्या हेडफोनवर झालेलं खरं काम एवढंच, आणि तेही बिघडवण्याचं. चांगला चालणारा हेडफोन आपण होऊन पाठवला होता मी. हात दाखवून अवलक्षण.

आता त्या ध्वनिफिती. मोठ्या तोऱ्यात त्यानं त्या वेव्ह स्वरूपात (यात आवाजातलं काही गाळलं जात नाही) दिल्या होत्या, ‘दर्जात तडजोड नको’ म्हणून. तोच त्याला नडला. मी दोन्ही ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडल्या. ‘नंतर’ची फीत बरोबर २ डेसिबलनं मोठी होती. एवढा फरक बऱ्याचदा ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला’ म्हणून जाणवतो. विक्रेत्यांची ही जुनी खोड आहे. मी ती २ डेसिबल खाली आणली, दोन्ही फिती एकाखाली एक जुळवल्या, एकीची लहर वरची खाली अशी उलटी केली, म्हणजे जे सारखं ते एकमेकांना खोडतं, आणि एकत्र वाजवल्या. दोन वेगळी ध्वनिमुद्रणं असती तर काहीतरी उरलंच असतं, निदान खोलीची सळसळ तरी. इथे शून्य उरलं. एकच फीत होती ती. आधी नाही, नंतर नाही. कृत्रिम डोकंसुद्धा असेल की नाही कोण जाणे.

मग आलेखही नीट बघितला. उभ्या अक्षावर १५० डेसिबल घेतले होते. एवढ्या ताणलेल्या मापावर डोंगरसुद्धा माळरान दिसतो. आणि डाव्या-उजव्या बाजूच्या रेषा एकमेकींवर केसाइतक्याही फरकाशिवाय बसलेल्या. खऱ्या हेडफोनच्या दोन बाजू अशा कधीच जुळत नाहीत. तोच हेडफोन काढून पुन्हा चढवला तरी रेषा हलते. त्या रेषेत साडेतीन हजार हर्ट्झच्या जरा पुढे एक बारीक खाच आहे, दात पडल्यासारखी. ती माझ्या चांगलीच लक्षात राहिली.

पैसे परत मागितले. उत्तर आलं, “सील तुमच्याकडून तुटलं आहे.” फोटो पाठवले. उत्तर आलं, “हे वॉशर आमचे नाहीत.” चोर तो चोर, वर शिरजोर. त्यानंतर उत्तरच नाही.

ज्यांना हेडफोन कुणाकडे पाठवायचाच आहे त्यांनी निदान आधी उघडून आतले फोटो काढावेत, एखादी खूण करून ठेवावी, ग्रॅममध्ये वजन करावं, दोन्ही बाजूंचा रोध लिहून ठेवावा. फोनच्या मायक्रोफोनवर पॅड टेकवून हळू चढणारा स्वर मुद्रित करून ठेवला तर फारच चांगलं. अचूक आलेख यातून मिळणार नाही, पण तोच फोन, तीच जागा, तोच आवाज ठेवला तर आधीचं आणि नंतरचं ताडून बघता येतं. आणि कारागिराला सरळ विचारावं: काय घालणार, किती, कुठे, आणि मला ते परत काढता येईल का? ज्याला काम येतं तो याचं उत्तर आनंदानं आणि कंटाळा येईपर्यंत देतो. माझ्या माणसानं ‘ते आमचं गुपित’ म्हटलं होतं आणि मला ते गुपित भारी वाटलं होतं.

नंतर मीच बसून सगळं उपसलं. नवा नमदा लावला, कापूस चिमूटभर ठेवला, माती पातळ थापली, दर वेळी स्वर वाजवून ऐकलं. सगळ्यात जास्त फरक पडला तो पॅडनं. प्लेनरच्या बेसला पॅड आणि कान यांमध्ये फट चालत नाही. चष्म्याच्या दांडीनं पडलेली फटसुद्धा खालचे स्वर गळायला पुरते. जाड, नीट बसणारे पॅड घातले आणि ज्या भरीवपणासाठी मी हेडफोन परक्याच्या हवाली केला होता तो आपोआप आला. उरलेलं इक्वलायझर एपीओ या स्वर कमी-जास्त करणाऱ्या संगणकावरच्या प्रोग्रॅमनं भागवलं, ते फुकट मिळतं.

उजवी बाजू अजून ६० हर्ट्झला गुरगुरते. तानपुऱ्यात कळत नाही, ऑर्गनमध्ये कळतं.

गेल्या आठवड्यात त्या मित्रानं मला एक जाहिरात पाठवली, ‘हा माणूस बरा वाटतो, बघ.’ नाव नवं, बोधचिन्ह नवं, चांदीच्या जागी आता सोन्याचा मुलामा. खाली आलेख दिला होता. मी तो मोठा करून बघितला. साडेतीन हजारच्या जरा पुढे, दात पडल्यासारखी खाच.