फोटो दाखवायचा कुणाला: जत्रेत, परक्याला की आपल्या सहा जणांत?

फोटोग्राफीच्या हौसेत एक टप्पा असा येतो की घरच्यांचं कौतुक पुरेनासं होतं. "छान आलाय गं" ऐकून झालेलं असतं. खरंच छान आलाय का, हे आता एखाद्या तिऱ्हाइताने सांगावं असं वाटायला लागतं. मग टाकायचा कुठे? बहुतेक सगळीकडे मी फोटो टाकून बसले आहे, तेव्हा जे दिसलं ते सांगते.

बहुतेकांचा फोटो आधी जातो इन्स्टाग्रामवर. २०१० साली ते सुरू झालं तेव्हा फोटो चौकोनीच लागायचा, आडव्या-उभ्यांना २०१५ मध्ये परवानगी मिळाली. तरी आडवा फोटो मोबाइलवर पट्टीएवढाच दिसतो. कड्यावर उभा असलेला माणूस हाच तुमच्या फोटोचा जीव असेल, तर तिथे त्याची मुंगीसुद्धा उरत नाही. शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं होतं) काही दिसत नाही. खाली चार बदाम आणि एक "भारी" येतं. सगळ्यांसमोर उणं काढणं तिथे उद्धटपणात जमा होतं, त्यामुळे जाणकारही गप्प बसतात. दाखवायला उत्तम, पण शिकायला मी तिथे जात नाही.

फ्लिकर हे फोटो ठेवायचं-दाखवायचं संकेतस्थळ २००४ चं, २०१८ पासून स्मगमग या कंपनीकडे आहे. मोफत खात्यात १००० फोटो मावतात. त्याची खरी कमाई फोटोखालच्या माहितीत आहे. टाकणाऱ्याने लपवली नसेल तर कॅमेरा, लेन्स, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवला होता) सगळं वाचायला मिळतं. कुणाचा तरी रेशमी धबधबा बघून आपण हळहळतो आणि खाली दिसतं, शटर एक सेकंद उघडं होतं. अर्धं कोडं तिथेच सुटतं. टीकेच्या बाबतीत मात्र ग्रुपवर भिस्त ठेवू नका. "एक फोटो टाका, दोघांना शाबासकी द्या" अशा नियमाच्या ग्रुपांमध्ये नियम पाळण्यापुरती शाबासकी मिळते. फोटो कुणी बघितलेला नसतो.

डीपीचॅलेंज या फोटोस्पर्धांच्या संकेतस्थळावर दिलेल्या विषयावर फोटो पाठवायचा आणि नाव झाकून १ ते १० गुण मिळवायचे, अशी पद्धत. नाव झाकलेलं असल्याने मुलाहिजा नसतो, हे चांगलंच. पण ५ मिळाले तर का मिळाले, ते आकडा सांगत नाही.

ठणठणीत बोलणी खायची असतील तर रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळावरचा फोटोक्रिटिक हा कट्टा. फोटो नुसता चिकटवून चालत नाही. काय साधायचं होतं, कशाबद्दल मत हवंय, हे लिहावं लागतं, आणि ते लिहितानाच निम्म्या चुका आपल्या आपल्याला दिसतात. परकी माणसं भीडभाड ठेवत नाहीत. "क्षितिज मानेतून गेलंय, दोन पावलं डावीकडे सरकायला हवं होतंस," एवढं एक वाक्यही कामाचं असतं. उणीव अशी की दर वेळी डॉक्टर नवा, आणि जुनी फाइल कुणाकडेच नाही.

ती फाइल सापडते लहान ग्रुपमध्ये. आम्ही सहा जण आहोत, व्हॉट्सअ‍ॅपवर. पायरीवर बसून स्वेटर विणणाऱ्या एका आजींचा फोटो मी टाकला होता. बोटांवर पडलेल्या उन्हावर मी खूश. एकाने लिहिलं, "उजव्या कोपऱ्यातली निळी बादली अंगठ्याने झाक आणि परत बघ." झाकली. नजर इतका वेळ बादलीवर जाऊन परत येत होती, ती सुयांवर ठरली. इथवरचं कुणी परकाही सांगू शकला असता. पण दुसरी म्हणाली, "बादली सोड. तीन महिने बघतेय, तुझे सगळे फोटो एकाच उंचीवरून असतात. तू कधी खाली बसतच नाहीस." मी जुने फोटो काढून बघितले. लहान मुलं, मांजर, बाकावरची माणसं, सगळ्यांच्या डोक्यावरून मी बघत होते.

म्हणून माझं मत लहान ग्रुपकडे झुकतं. एका फोटोतली चूक कुणीही दाखवेल, आपली खोड मात्र रोजच्या माणसालाच दिसते.

अर्थात असे ग्रुप नासतातही. चार महिन्यांत एकमेकांची पाठ थोपटणं सुरू होतं, किंवा एखाद्याची आवड सगळ्यांवर चढते आणि सहाही जण ब्लॅक अँड व्हाइट काढायला लागतात. आमच्याकडे एकच नियम आहे. तिघं बोलेपर्यंत ज्याचा फोटो त्याने तोंड उघडायचं नाही. "अहो, तिथे जागाच नव्हती" हे ऐकलं की पुढचा माणूस मवाळ होतो. आणखी एक गोष्ट: व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, तेव्हा तीक्ष्णपणावर मत हवं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण मग मूळ फाइलमध्ये ठिकाण नोंदलेलं असेल तर तेही सोबत जातं. घरातले फोटो पाठवण्याआधी ते काढून टाका.

तुमच्याकडे एकच फोटो आणि एकच नेमकी शंका असेल, तर फोटोक्रिटिकवर जा, माणसं गोळा करण्याच्या भानगडीत पडू नका. तंत्र शिकायचं असेल तर फ्लिकरवर इतरांचे फोटो वाचत बसा. आणि वर्षभर काढूनही फोटो तिथल्या तिथेच घोटाळतायत असं वाटत असेल, तर पाच-सहा जण शोधा. कुठेही गेलात तरी "कसा वाटला?" विचारू नका, त्याचं उत्तर "मस्त" हेच असतं. "बादली खटकते का?" असं विचारा.

आजींचा फोटो मी पुन्हा काढला, या वेळी खालच्या पायरीवर बसून. बादली जागेवरच होती, पण आजींच्या पाठीआड गेली. ग्रुपवर आता सुयांच्या फोकसवरून वाद चालू आहे.