घुमटाचं घर, सोलरची शेड आणि रोजची मिरज: तिन्ही ऋतू काढल्यावर

गेल्या दिवाळीत आम्ही कवठेमहांकाळजवळच्या आमच्या वस्तीवर नव्या घरात राहायला आलो. घर घुमटाच्या आकाराचं, फेरोसिमेंटचं, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट थापून केलेलं. शेजारी सोलरची शेड आणि शेडखाली छोटी इलेक्ट्रिक गाडी. थंडी आणि उन्हाळा झाला, पावसाळाही आता सरत आलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही. बघायला येणारे दोनच प्रश्न विचारतात: आत गार लागतं का, आणि लाईटबिल किती येतं? गारवा घुमटाचा आहे, बिल मात्र शेडनं उतरवलंय. या दोघांचं आपापसात फारसं जमत नाही, हे बांधायच्या आधी कुणी नीट सांगत नाही.

आधी घुमट. गावात याला सरळ ‘गोबरगॅस’ म्हणतात, आणि ते अगदीच चूक नाही. आमच्या मिस्त्रींनी हयातभर दीनबंधू पद्धतीचे, म्हणजे घुमटाच्या टाकीचे गोबरगॅस आणि फेरोसिमेंटच्या पाण्याच्या टाक्याच बांधल्या. तंत्र तेच. सळ्या वाकवून सांगाडा, त्यावर वेल्डमेश, दोन्ही अंगांनी कोंबडीजाळी, सगळं बाइंडिंग तारेनं आवळायचं आणि मग माल भरायचा. एकजण आतून फळी दाबून धरतो, दुसरा बाहेरून हातानं माल जाळीत रेटतो. जाळीच्या मागे पोकळी राहिली की पुढे तिथंच गंज धरतो, म्हणून मिस्त्री बोटाच्या पेरानं ठोकत ठोकत आवाज ऐकायचे. पद्धत जुनी आहे. फ्रान्समधल्या लांबोनं 1848 मध्ये अशाच तारेच्या जाळीवर सिमेंट थापून होडी बनवली होती. अमेरिकेतल्या बकमिन्स्टर फुलरचा, त्रिकोण जोडून केलेला जिओडेसिक डोम (त्याचं अमेरिकन पेटंट 1954 चं) तो हा नव्हे. त्यात सांधे फार आणि प्रत्येक सांधा गळायला टपलेला. आमचा एकसंध आहे.

व्यास 26 फूट, म्हणजे खाली साधारण 530 चौरस फूट आणि अर्ध्या भागावर माळा. तेवढीच हवा कोंडायला गोल आकाराला सगळ्यात कमी पृष्ठभाग लागतो, त्यामुळे ऊन खाणारं अंगही कमी. पण नुसत्या आकारावर भरवसा ठेवू नका. फेरोसिमेंटची भिंत जेमतेम दीड इंचाची. एकच थर असता तर एप्रिलात आतून हात लावता आला नसता. आमच्याकडे दोन थर आहेत, मध्ये थर्माकोल, बाहेरून पांढरा उष्णतारोधक रंग आणि माथ्यावर जाळी लावलेला झरोका. खालच्या खिडक्या संध्याकाळी उघडल्या की गरम हवा वरून निघून जाते. एप्रिलात बाहेर 41 असताना खाली 33-34 असायचं. एसी नाही, पंख्यावर भागलं. माळ्यावर मात्र दुपारी कुणी टिकत नाही, कारण सगळी ऊब तिथंच जमते. ‘वर मुलांची खोली करू’ असं ज्यांच्या डोक्यात असेल त्यांनी एप्रिलातली एक दुपार आमच्या माळ्यावर काढून बघावी.

आवाजाचं तर विचारूच नका. विजापूर आम्हाला काही फार लांब नाही, त्यामुळे गोलघुमट सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलेला. पण तिथं राहायचं नसतं. पहिले दोन महिने कुकरची शिट्टी घरभर फिरायची. आमचे हे द्राक्षांच्या दरावरून दलालाशी फोनवर बोलायचे ते पलीकडच्या भिंतीजवळ भाजी निवडणाऱ्या सासूबाईंना शब्दन् शब्द कळायचं. मधोमध उभं राहून बोललं की स्वतःचाच आवाज डोक्यावरून परत येतो. जाड पडदे, भिंतीला टांगलेल्या दोन गोधड्या आणि पुस्तकांचं उघडं कपाट एवढ्यावर ते निम्म्याहून कमी झालं. गुळगुळीत गिलावा करू नका, खरबरीत ठेवा. हे आम्हाला मिस्त्रींनीच सांगितलं होतं आणि ते खरं निघालं.

सरळ पाठीचं कपाट भिंतीला टेकत नाही, मागे फटीत झुरळं आणि धूळ. फर्निचर सगळं मापानं करून घ्यावं लागतं, आणि सांगाड्यात वाचलेलं लोखंड-सिमेंट इथं आणि गोल खिडक्या-दारांत भरून निघतं. घुमट स्वस्तात होतो असं कुणी सांगितलं तर सुताराचं बिल मागून घ्या. आणि देव्हारा! सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, ‘आगं, घराला कोपराच न्हाई, मग देव कुठं बसवायचा?’ शेवटी मोबाईलवरचं होकायंत्र लावून ईशान्य धरली आणि तिथं फळी ठोकली.

पावसाचं थोडक्यात. आमच्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही वाऱ्याबरोबर आडवा. घुमटाला सज्जा नसतो, वरून घरंगळलेलं पाणी थेट खिडकीच्या चौकटीवर येतं. घुमट कुठंही गळला नाही, खिडक्या मात्र तिन्ही गळल्या. बांधतानाच प्रत्येक खिडकीवर भुवईइतका तरी पुढे आलेला काठ काढून घ्या. फायदा असा की पायथ्याच्या गोल पन्हळीतून सगळं पाणी एका टाकीत येतं. 49 चौरस मीटरवर पाचशे मिलिमीटर म्हणजे कागदावर चोवीस हजार लिटर. उडालेलं, सांडलेलं सोडलं तरी बरंच हाती लागतं. त्याचा उपयोग पुढे सांगते.

आता सोलर. घुमटावर पॅनल बसत नाहीत. म्हणजे बसवता येतात, पण प्रत्येक पॅनलचं तोंड वेगळ्या दिशेला जातं, आणि एका ओळीत जोडलेल्या पॅनलांत सगळ्यात कमी ऊन मिळणारं बाकीच्यांनाही मागे ओढतं. शिवाय कवचाला भोकं पाडायची ती वेगळीच. म्हणून स्वतंत्र शेड: 540 वॅटची सहा पॅनल, म्हणजे सव्वातीन किलोवॅट, साडेपंधरा चौरस मीटर जागा. गाडी आणि दोन मोटारसायकली खाली आरामात मावतात. पॅनल दक्षिणेकडे साधारण 15 अंश कललेली आहेत. आपल्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे जास्त तिरकी केली तर उन्हाळ्यात नुकसान.

पीएम सूर्यघर योजनेतून 3 किलोवॅटला मिळणारं 78,000 रुपयांचं अनुदान आम्हाला मिळालं. त्याआधी मंजूर भार (महावितरणनं घराला मंजूर केलेले किलोवॅट) वाढवून घ्यावा लागला, तो अर्ज आधीच टाकून ठेवा. वीज सरासरी रोज 12 युनिटच्या आसपास बनते. सगळ्यात जास्त फेब्रुवारी-मार्चमध्ये. मेमध्ये ऊन रणरणतं, पण पॅनल तापलं की प्रत्येक अंशामागे टक्क्याचा तिसरा हिस्सा किंवा थोडं जास्तच उत्पादन घटतं. जुलैत पाऊस पडत नाही आणि ढग हटत नाहीत, तेव्हा उत्पादन निम्म्यावर येतं. ढालगावकडच्या पवनचक्क्या तेव्हा गरगर फिरत असतात आणि आमचं मीटर रांगत असतं.

खरा हिशोब गाडीचा. मी मिरजेला नोकरीला जाते, जाऊन-येऊन 75 ते 80 किलोमीटर. छोटी हॅचबॅक रत्नागिरी-नागपूर हायवेवर सत्तरच्या वेगानं युनिटला साडेआठ-नऊ किलोमीटर देते, नव्वदनं हाणली तर सात. म्हणजे रोजचे नऊ युनिट गाडीचे आणि चार-पाच घराचे. बनतात बारा. उन्हाळ्यात पंखे आणि फ्रिज वाढले की थोडं बाहेरचं घ्यावं लागतं, सुट्टीच्या दिवशी भरून निघतं. पेट्रोलची जुनी गाडी लिटरला अठरा द्यायची, म्हणजे रोज चार लिटरच्या वर आणि लिटर शंभराच्या पुढे. ते पैसे सरळ वाचतात, आणि सोलरचे पैसे वसूल होतायत ते घराच्या बिलातून कमी, या पेट्रोलमधून जास्त.

पण ‘सोलरवर चालणारी गाडी’ म्हणताना जरा थांबा. ऊन पडतं तेव्हा गाडी मिरजेत हॉस्पिटलच्या आवारात असते, आणि मी परत येते तेव्हा शेडवर अंधार. दिवसा बनलेली वीज महावितरणच्या तारेत जाते, रात्री तेवढी परत घेतो. नेट मीटर हीच आमची बॅटरी. रविवारी तेवढी गाडी खरोखर उन्हावर चार्ज होते.

टपावर पॅनल असलेल्या गाड्यांबद्दलही लोक विचारतात. टपावर जास्तीत जास्त दोन चौरस मीटर मिळतात, म्हणजे तीनशे-चारशे वॅट, चांगल्या दिवशी दीड युनिट, दहा-बारा किलोमीटर. तेही गाडी दिवसभर उन्हात तापत ठेवली तर. युरोपात अशा गाड्या करणाऱ्या लाइटइयरची उत्पादन करणारी कंपनी 2023 च्या जानेवारीत दिवाळखोरीत गेली आणि तिथल्याच सोनोनं पुढच्याच महिन्यात आपली गाडी गुंडाळली. अमेरिकेतली ॲप्टेरा दिवसाला 65 किलोमीटरपर्यंत उन्हावर जाईल असं सांगते, पण ती तीन चाकी, हवेचा विरोध फार कमी होणारी, युनिटला सोळा किलोमीटर देणारी गाडी. पुण्याच्या वेव्ह कंपनीनं 2025 च्या जानेवारीत दाखवलेली छोटी ‘इव्हा’ याच वाटेनं जाते. गाडी जितकी हलकी आणि काटकसरी तितकाच टपावरच्या उन्हाला अर्थ. आपल्या हॅचबॅकला शेडच बरी.

तक्रारी दोन. पहिली: लाईट गेली की सोलर बंद. भर दुपारी, लखलखीत उन्हात. ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेला इन्व्हर्टर तारेत वीज नसेल तर स्वतःला तोडून घेतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. नियम बरोबर आहे, पण बसवणाऱ्या एजन्सीनं हे तोंडातून काढलं नव्हतं. दुपारी कधी व्होल्टेज चढलं तरी तो ट्रिप होतो. बॅटरीसकट हायब्रिड घ्यायला आत्ता पैसे नाहीत.

दुसरी अर्थिंगची. मार्चच्या शेवटी चार्जरवर लाल दिवा लागला आणि गाडी वीज घेईना. कंपनीचा माणूस दोनदा येऊन चार्जर बदलायचं बोलून गेला. गावातल्या वायरमननं अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण उघडलं, हात घातला आणि म्हणाला, ‘ताई, हितली माती बघा, पार वाळून गेलीया.’ आमचा मुरूम आहे, पाणी धरत नाही. त्यानं कोळसा-मीठ नव्यानं भरलं, दोन बादल्या पाणी ओतलं आणि दिवा हिरवा झाला. तेव्हापासून उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली अर्थिंगच्या खड्ड्यात.

पॅनल सकाळी लवकर धुवायची, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. आमच्या बोअरचं पाणी जड, सुकलं की काचेवर पांढरे डाग सोडतं. घुमटावरून टाकीत आलेलं पावसाचं पाणी इथं कामाला येतं, डाग अजिबात पडत नाहीत.

कर्जाचं सांगायचं तर बँकेच्या मूल्यांकन करणाऱ्याला घुमट कोणत्या रकान्यात टाकायचा तेच कळेना. आम्ही शेवटी शेड आणि गाडीलाच कर्ज घेतलं, घर बागेच्या पैशातून टप्प्याटप्प्यानं केलं. मिरजेत, सांगलीत गुंठा-दीड गुंठ्याच्या प्लॉटवर घुमट बांधू का, असं विचारणारे बरेच येतात. त्यांना मी नको म्हणते. तिथं घुमट बांधला तर पॅनलला जागा उरत नाही. साधा स्लॅब टाका, त्यावर पॅनल लावा, खाली सावली आपोआप होते. वस्तीवर चार-पाच गुंठे मोकळे असतील तर मात्र या, दाखवते. दुपारी दोनला आलात तर उत्तम, माळ्यावरही चढवते.