पेडलसाठीचा आयसोलेटेड पॉवर सप्लाय: दिवाळीपासूनचा अनुभव, सर्व्हिसच्या डोकेदुखीसकट

गेल्या आठवड्यात गिटारच्या इफेक्ट पेडलना वीज पुरवणाऱ्या माझ्या सप्लायचं पाचवं आउटपुट मेलं, म्हणून लिहायला बसलोय. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही. आठ आउटपुट, प्रत्येकाचं ग्राउंड बाकींपासून वेगळं (आयसोलेटेड म्हणजे हेच), ९ व्होल्ट, सेंटर निगेटिव्ह (मधली पिन निगेटिव्ह).

माझं काम फक्त इन्स्ट्रुमेंटलचं. विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये अँप मोठा करायची सोय नाही, त्यामुळे सिंगल कॉइल गिटार, ट्यूब स्क्रीमर आणि डीएस-वन हे ड्राइव्ह पेडल (सूर फाडणारे), डिजिटल डिले, रिव्हर्ब आणि तिथून थेट कॉम्प्युटरचा ऑडिओ इंटरफेस. कॅबिनेटचा आवाज रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये आयआर (स्पीकरच्या आवाजाचा डिजिटल ठसा) लावून घेतो. आधी सगळे पेडल एकाच अडॅप्टरवर डेझी चेनने, म्हणजे एकाच वायरीला माळेसारखे जोडून, चालायचे. डिलेच्या डिजिटल सर्किटची बारीक शिट्टी सामाईक ग्राउंडमधून ड्राइव्हमध्ये शिरायची आणि तिथला गेन ती वाढवून पुढे पाठवायचा. गाणारं कुणी असतं तर खपून गेलं असतं. इन्स्ट्रुमेंटलमध्ये लांब धरलेला सूर विरत जातो तेव्हा त्याच्या शेपटीला ही शिट्टी उघडी पडते. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा) लावला की शिट्टीबरोबर शेपटीही कापली जाते, आणि माझ्या मते लीड गिटारचा निम्मा जीव त्या शेपटीतच असतो.

सप्लाय लावला त्या रात्रीच शिट्टी गेली. हेडफोन लावून नुसता बसून राहिलो होतो. डीएस-वन १९७८ पासून बाजारात आहे, त्याच्या आवाजाला लोक फार खरखरीत म्हणून नावं ठेवतात. स्वच्छ करंटवर तो ऐका आणि मग बोला. एवढे पैसे सप्लायला घालावेत की आणखी एक पेडल घ्यावा, यावर मी बरेच दिवस घासाघीस केली होती. आज विचाराल तर आधी सप्लाय, मग पेडल.

पण जाड गुणगुण राहिलीच, आणि तिने मला पिडलं. आपल्या विजेचे ५० हर्ट्झ म्हणजे खालच्या जीपेक्षा जरासा चढा सूर. जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी साधारण ९८ हर्ट्झचा, आणि गुणगुणीचा दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट कंपनांचा सूर, १०० चा. दोन्ही एकत्र आले की सेकंदाला दोन हेलकावे. तो जी धरून ठेवला की सूर डुलताना स्पष्ट ऐकू येतो. जी मध्ये बसवलेली माझी एक रचना यापायी अडकून पडली होती. डावी-उजवीकडे रिदमचे थर चढवत गेलं की प्रत्येक टेकबरोबर गुणगुणीचाही थर चढतो.

मी हे सप्लायच्या खात्यावर मांडत होतो. आता मत बदललंय, आणि ते बदललं मिरजेत.

आउटपुट मेल्यावर कंपनीला मेल केला. आधी व्हिडिओ मागितला, मग मूळ खोका मागितला, मग "फिजिकल डॅमेज" म्हणून वॉरंटी नाकारली. वस्तू टेबलावरून हललेली नाही, तरी हे उत्तर! रिव्हर्बला बऱ्यापैकी करंट लागतो आणि तेवढा देणारं तेच एक आउटपुट, म्हणजे सगळं कामच ठप्प. मिरजेत इलेक्ट्रॉनिक तानपुरे दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे गेलो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गावच्या माणसाचा कान वेगळाच असतो, हे माझं ठाम मत.

काकांनी डबा उघडला, बोर्ड उलटा केला आणि भिंग माझ्या हातात दिलं. जॅकच्या पिनेभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर. "जॅकला बॉडीचा आधारच नाय. पिन घालता-काढताना सगळा ताण सोल्डरवर," ते म्हणाले. आतला बाकी माल त्यांना आवडला: प्रत्येक आउटपुटला ट्रान्सफॉर्मरचं वेगळं वाइंडिंग आणि वेगळा रेग्युलेटर. ऐंशी रुपयांत काम झालं. शिवाय मी फोनवर ऐकवलेली गुणगुण ऐकून म्हणाले, "गिटारचा आवाज शून्यावर घेऊन बघा. गेली तर सप्लायला दोष देऊ नका."

घरी येऊन घेतला, तर गेली. ती गुणगुण गिटारचा पिकअप (तारांची कंपनं टिपणारी कॉइल) ओढत होता. खुर्ची फिरवून गिटारची दिशा बदलली की कमी-जास्त होते, आणि टेबलाखालच्या अडॅप्टरांपासून लांब बसलं की बरीच उतरते. आता रेकॉर्डिंगला खिडकीकडे तोंड करून बसतो. जी ची रचना पुन्हा हातात घेतली आहे.

तेव्हा वस्तूला पाचपैकी चार, सर्व्हिसला शून्य. जॅक बोर्डावर नुसता सोल्डर करून सोडणं हा या किमतीला न शोभणारा कंजूषपणा आहे. ज्यांच्याकडे हा आहे त्यांनी काटकोनी पिनेच्या वायरी वापरा, त्या डब्याच्या अंगाला बांधून टाका, आणि पेडल बदलायचा असेल तर वायर पेडलच्या बाजूने काढा.

नवीन घेणाऱ्यांनी खोक्यावरच्या "आयसोलेटेड" शब्दावर विसंबू नका. प्लग काढून, सगळे पेडल सोडवून, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा आणि दोन आउटपुटच्या निगेटिव्हला टोकं लावा. बीप वाजला तर ग्राउंड सामाईक आहे. परतीची मुदत संपायच्या आत तो डबा परत पाठवा.