मोठ्या क्लबचा बाक की लोनवरचं मैदान?

फुटबॉलमधल्या एका तरुण स्ट्रायकरने (गोल मारणारा पुढचा खेळाडू) विचारलं, मोठ्या क्लबात बाकावर थांबू की लोनवर, म्हणजे काही काळ दुसऱ्या क्लबाकडून खेळायला, जाऊ?

आधी खेळायला किती मिनिटं मिळतील ते बघ. दांडगा बचावपटू मागून रेटत असताना चेंडू छातीवर घेऊन वळायचं, हे सामन्यातच अंगात मुरतं. टॉटनहॅमचा स्ट्रायकर हॅरी केन २०११ मध्ये लेटन ओरिएंटला, मग मिलवॉल, नॉर्विच, लेस्टरला लोनवर गेला. २०१५-१६ मध्ये इंग्लंडच्या अव्वल प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच.

सराव आणि फिजिओ मोठ्या क्लबातच सरस. संधीही अचानक येते: फेब्रुवारी २०१६ मध्ये तरुण स्ट्रायकर रॅशफर्डने मँचेस्टर युनायटेडकडून पदार्पणातच २ गोल मारले. पण वॉर्म-अपमध्ये संघातला मार्सियाल जखमी झाला, म्हणून रॅशफर्ड उतरला.

लोनमधला खरा धोका म्हणजे तिथला प्रशिक्षक बदलला, की तिथेही बाकच.

अधूनमधून उतरवत असतील तर थांब. रांगेत तिसरा-चौथा असशील तर जा.