कुत्र्यासाठी विषबाधा पेटी: घ्या, पण आतलं सामान बदला

कुत्र्याने घरातलं काहीबाही गिळलं तर हाताशी असावी म्हणून मिळणाऱ्या तयार पेटीत साधारण एवढंच असतं: ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पोटातलं विष धरून ठेवणाऱ्या सक्रिय कोळशाच्या गोळ्या, सिरिंज, हातमोजे, तोंडाला बांधायची पट्टी.

पेरॉक्साइड उलटीसाठी. मात्रा किलोमागे सुमारे २ मिली. कुत्रा कितीही धिप्पाड असो, एका वेळी ४५ मिलीच्या वर नाही. गिळून दोन तास होऊन गेले असतील तर फारसा उपयोग नाही. आणि पशुवैद्यांनी फोनवर ‘द्या’ म्हटल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. ही सूचना पेटीवर ठळक छापलेली हवी, कारण घरातल्या बऱ्याच वस्तूंना उलटी चालतच नाही. टॉयलेट क्लीनर आणि ड्रेन क्लीनर जाताना अन्ननलिका भाजतात, वर येताना पुन्हा भाजतात. रॉकेल, टर्पेंटाइन किंवा फेसाळ डिटर्जंट उलटीबरोबर फुप्फुसात उतरू शकतं. बटण सेल, टोकदार वस्तू, गुंगीत असलेला किंवा झटके येणारा कुत्रा, इथेही नाहीच. पग-बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींत तर धोका जास्त. केस रंगवायच्या सामानातलं ६ किंवा ९ टक्क्यांचं पेरॉक्साइड ‘तेच ते’ म्हणून वापरू नका, पोटात जखमा होतात. मिठाचं पाणी त्याहून वाईट. रक्तातलं सोडियम वाढून मेंदूवर परिणाम होतो.

सिरिंज बहुधा ५ मिलीची असते. १५ किलोच्या कुत्र्याला ३० मिली द्यायचं म्हणजे सहा वेळा भरायची, त्यातलं निम्मं फरशीवर. २० मिलीची, सुई नसलेली घ्या. सुळ्यामागे गालाच्या पिशवीत टोक सरकवून थोडं थोडं सोडा. मान वर ताणू नका, ठसका लागतो.

कोळशाच्या गोळ्या निव्वळ शोभेच्या. मात्रा किलोमागे किमान १ ग्रॅम. गोळी २५० मिलिग्रॅमची असेल तर १० किलोच्या कुत्र्याला ४० गोळ्या! शिवाय आम्ल, अल्कली, अल्कोहोल, लोह, रॉकेल यांना कोळसा धरतच नाही. तो दवाखान्यातच दिलेला बरा. तोंडपट्टी उलटी येऊ शकणाऱ्या कुत्र्याला कधीच बांधू नये.

हातमोजे मात्र कामाचे. अंगावर सांडलेलं औषध कुत्रा चाटतो, म्हणून ते साध्या पाण्याने आधी धुवा. डांबरगोळ्या खाल्ल्या असतील तर दूध-तूप पाजू नका, स्निग्धाबरोबर त्यातलं विषारी नॅफ्थलीन आणखी शोषलं जातं. उंदराचं औषध खाऊन कुत्रा ठणठणीत दिसला तरी थांबू नका: रक्त न गोठू देणाऱ्या औषधाची लक्षणं दोन ते पाच दिवसांनी दिसतात, आणि झिंक फॉस्फाइड असेल तर उलटीतून निघणारा वायू माणसालाही बाधतो, खिडक्या उघडा.

गोळ्यांच्या रिकाम्या जागेत एक कार्ड ठेवा: कुत्र्याचं वजन, चालू औषधं, रात्री उघड्या दवाखान्याचा नंबर. चावलेली बाटली किंवा वेष्टण पिशवीत घालून सोबत न्या. डॉक्टर आधी तेच मागतात.