ठिबक नियंत्रकात लिटलएफएस : एका द्राक्ष हंगामानंतरचा अनुभव

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या लहानशा कार्यशाळेत द्राक्षबागांसाठी ठिबक सिंचनाचे नियंत्रक तयार होतात. कोणता व्हॉल्व्ह किती वेळ चालला, पाइपात दाब किती होता, खत कधी सोडले आणि रात्री पान किती काळ ओले राहिले, याची दर दहा मिनिटांची नोंद हे यंत्र स्वतःजवळच ठेवते. गेल्या फळछाटणीपासून माल उतरेपर्यंतच्या हंगामात या नोंदी लिटलएफएस या फाइल सिस्टिमवर (चिपवर फाइली कुठे आणि कशा ठेवायच्या हे पाहणारे सॉफ्टवेअर) ठेवल्या. तिचा वापर करू इच्छिणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. वीज गेल्यावर फाइल सिस्टिम शाबूत राहील हे तिचे आश्वासन पूर्णपणे खरे आहे. मात्र नोंद शाबूत राहील की नाही, हे आपण तिची मांडणी कशी करतो यावर ठरते, आणि या दोन गोष्टींतील फरक सुरुवातीलाच समजून घेतला पाहिजे.

आमच्याकडे शेतीची थ्री-फेज वीज काही दिवस रात्री आणि काही दिवस दिवसा मिळते, आणि मिळते तेव्हाही ती मधूनच जाते. त्यामुळे यंत्र लिहीत असतानाच पुरवठा तुटणे हा आमच्यासाठी रोजचा प्रकार आहे. मेमरी कार्डांवर रूढ असलेल्या फॅट या फाइल सिस्टिममध्ये जागावाटपाचा तक्ता ठराविक ठिकाणी असतो आणि प्रत्येक बदलाला तोच तक्ता पुसून पुन्हा लिहावा लागतो. नेमकी त्या क्षणी वीज गेली तर तक्ताच अर्धवट राहतो. आर्म कंपनीच्या एमबेड ओएस या लहान यंत्रांसाठीच्या कार्यप्रणालीसाठी तयार झालेली आणि २०१७ मध्ये खुली झालेली लिटलएफएस या बाबतीत मुळातूनच वेगळी आहे. तिची निर्देशिका (फाइलींची यादी) ब्लॉकांच्या, म्हणजे एकदम पुसल्या जाणाऱ्या तुकड्यांच्या, जोडीत असते, बदलांची भर नोंदवहीसारखी शेवटी पडत जाते आणि प्रत्येक भरीसोबत सीआरसी (मजकूर बिघडला नाही ना, हे पडताळणारा आकडा) लिहिला जातो. फाइलमधील मजकूर जुन्या जागी खोडला जात नाही, तो नव्या ब्लॉकमध्ये उतरतो. म्हणून वीज गेली तर जुनी स्थिती तरी मिळते किंवा नवी तरी. मधली अवस्था हाती येत नाही. पुरवठा कोणत्याही क्षणी तोडणारा रिले लावून आम्ही टेबलावर दीर्घकाळ चाचणी घेतली आणि नंतर बागांतही पाहिले. चिप माउंट झाली नाही, म्हणजे वापरासाठी उघडलीच नाही, असे एकदाही घडले नाही.

आता मांडणीकडे येतो. आमच्या बोर्डावर विनबॉन्डची डब्ल्यू२५क्यू६४ ही ८ एमबीची एसपीआय नॉर फ्लॅश (वीज नसतानाही मजकूर टिकवणारी मेमरी चिप) आहे. तिच्यात ४ केबीचे २०४८ सेक्टर असून एक सेक्टर किमान १ लाख वेळा पुसता येतो. ब्लॉक साइज ४०९६ आणि ब्लॉक काउंट २०४८ हे आकडे तिथेच ठरतात. विचार करावा लागतो तो प्रोग्रॅम साइजचा, म्हणजे एका वेळी किमान किती बाइट लिहायचे याचा. डेटाशीटमध्ये पान २५६ बाइटचे आहे असे वाचून अनेक जण येथे २५६ लिहितात, परंतु निर्देशिकेतील प्रत्येक भर या आकड्याच्या पटीत वाढवली जाते. २५६ ठेवल्यास ४ केबीच्या ब्लॉकमध्ये जेमतेम सोळा भरी बसतात आणि ब्लॉक आवरून पुन्हा लिहिण्याची वेळ वारंवार येते. नॉर फ्लॅशमध्ये एकेक बाइटही लिहिता येत असल्याने आम्ही रीड आणि प्रोग्रॅम दोन्ही १६ वर ठेवले. मायक्रोकंट्रोलरच्या पोटातील फ्लॅश वापरणाऱ्यांना मात्र ही मोकळीक नाही. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरच्या एल४ मालिकेत एका वेळी ८ बाइट आणि एच७ मालिकेतील एच७४३ सारख्या चिपांत ३२ बाइट लिहावेच लागतात.

कॅश, म्हणजे मजकूर तात्पुरता धरून ठेवण्याच्या जागेची साइज, आम्ही २५६ ठेवली, म्हणजे एक पूर्ण पान एकाच आज्ञेत लिहिले जाते. लुकअहेड हा मोकळ्या ब्लॉकांचा नकाशा असून त्याच्या एका बाइटमध्ये आठ ब्लॉक मावतात, म्हणून २५६ बाइट दिले की सबंध चिप त्यात बसते. वाचनाची कॅश, लेखनाची कॅश, एका उघड्या फाइलची कॅश आणि हा नकाशा मिळून १ केबी रॅम लागते, आणि एवढ्या मोबदल्यात मिळणारी निश्चिंती मला फार मोलाची वाटते. या चारही जागा (बफर) आधीच नेमून मॅलॉक, म्हणजे चालू असताना रॅम मागण्याची सोय, बंद करावे, हे मी आग्रहाने सांगेन. ब्लॉक सायकल्स, म्हणजे किती वेळा पुसल्यावर निर्देशिका दुसऱ्या ब्लॉकवर हलवायची तो आकडा, ५०० आहे. निर्मात्यांनीच १०० ते १००० सुचवले आहे आणि त्यात हात घालण्याचे कारण आम्हाला दिसले नाही.

ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा ती म्हणजे सिंक, म्हणजे फाइल उघडी ठेवूनच आतापर्यंतचे लिखाण चिपवर पक्के करणे. फाइलमध्ये लिहिलेला मजकूर सिंक किंवा क्लोज होईपर्यंत फाइलचा भाग होत नाही, त्यामुळे दिवसभर फाइल उघडी ठेवून रात्री बंद करणाऱ्याची वीज संध्याकाळी गेली तर त्या दिवसाचे काहीच उरत नाही. उलट प्रत्येक नोंदीनंतर सिंक केल्यास पुढच्या नोंदीच्या वेळी अर्धवट भरलेला शेवटचा ब्लॉक नव्या जागी संपूर्ण उतरवला जातो. आमची नोंद ३२ बाइटची आहे. तेवढ्यासाठी एक सेक्टर पुसायचा, त्याला साधारण ४५ मिलिसेकंद आणि वाईट परिस्थितीत ४०० मिलिसेकंद लागतात, आणि वर दोन-तीन केबी मजकूर पुन्हा लिहायचा. दिवसाला १४४ नोंदी म्हणजे वर्षाला ५२,५६० वेळा पुसणे झाले. एकाच सेक्टरवर हा भार पडला तर तो दोन वर्षांच्या आत संपेल, पण लिटलएफएस तो सर्व मोकळ्या ब्लॉकांवर वाटते, त्यामुळे झिजेची चिंता येथे उरत नाही. अडचण आहे ती वेळेची, आणि वीज जाण्याच्या बेतात असताना चालू असलेल्या लांब कामाची.

यावर आम्ही काढलेला मार्ग समाधानकारक ठरला. आमच्या एसटीएम३२एफ४०७ या मायक्रोकंट्रोलरमध्ये ४ केबीची बॅकअप एसरॅम (राखीव मेमरी) आहे आणि ती घड्याळाच्या बटण सेलवर टिकून राहते. नोंद प्रथम तिथे जाते आणि तासाभराच्या सहा नोंदी, म्हणजे १९२ बाइट, एकदम फाइलमध्ये लिहून सिंक केल्या जातात. वीज आल्यावर यंत्र आधी त्या एसरॅमकडे पाहते आणि राहिलेल्या नोंदी फाइलमध्ये घालते. पुसण्याचे प्रमाण दिवसाला १४४ वरून २४ वर आले आणि नोंद एकही गळत नाही.

याचे महत्त्व तासगाव तालुक्यातील एका बागेत लख्ख दिसले. बागायतदारांनी विचारले, "साहेब, परवा रात्री तीन नंबरचा व्हॉल्व्ह पुरता चालला का? कडेच्या ओळी सुकल्यागत दिसत्यात." पेटीजवळ उभे राहून नोंदी मोबाइलवर उतरवल्या. व्हॉल्व्ह नेमून दिलेल्या वेळी उघडला होता, दाब ठीक होता, आणि अर्ध्या वेळेच्या आतच वीज गेली होती. परत आली तेव्हा पाळी पुढच्या व्हॉल्व्हवर गेली होती. वीज जाण्याच्या आधीची ती शेवटची नोंद तासाभराच्या अंतराच्या दोन सिंकच्या मधोमध पडली होती आणि बॅकअप एसरॅममुळेच वाचली होती. त्यांनी त्याच दिवशी तीन नंबरला जादा पाणी दिले.

दोन उणिवा आधीच माहीत असाव्यात. लिटलएफएस सीआरसी लावते ते निर्देशिकेला, फाइलमधील मजकुराला नाही. म्हणून प्रत्येक नोंदीत आपला सीआरसी आपणच घालावा. शिवाय ही फ्लॅश २.७ व्होल्टच्या खाली चालण्याची हमी देत नाही. एफ४ मालिकेत ब्राउन-आउट रीसेट, म्हणजे व्होल्टेज उतरताच मायक्रोकंट्रोलर थांबवण्याची सोय, मुळात बंद असतो. तो सर्वांत वरच्या पातळीवर लावल्याशिवाय वीज जाण्याविरुद्धच्या संरक्षणाला अर्थ नाही.

माउंट झाल्यानंतरचे पहिले लिखाण रेंगाळते, कारण लुकअहेडचा नकाशा रिकामा असतो आणि मोकळी जागा शोधण्यासाठी सगळ्या फाइली तपासाव्या लागतात. हंगाम सरत गेला तसा हा वेळ वाढलेला जाणवला. रोजची एक फाइल दोन ब्लॉक घेते, म्हणजे वर्षाला ७३० ब्लॉक. ते सारे तपासात येतात. अलीकडच्या आवृत्त्यांत हा नकाशा आधीच भरून ठेवणारे एलएफएस_एफएस_जीसी हे फंक्शन आहे. ते आम्ही यंत्र सुरू होताच, व्हॉल्व्ह उघडण्याआधी चालवतो, आणि लिहिण्याचे काम व्हॉल्व्हच्या वेळापत्रकापेक्षा कमी प्राधान्याच्या टास्ककडे दिले आहे. निर्देशिकेतील शोध ओळीने चालतो, त्यामुळे वर्षभराच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये न ठेवता महिन्याचे फोल्डर करावेत.

१२८ केबीचे ब्लॉक असलेल्या नँड फ्लॅशसाठी मी ही सिस्टिम निवडणार नाही. एवढा मोठा निर्देशिका-ब्लॉक आवरताना लागणारा वेळ फार वाढतो आणि ईसीसीची (चुकलेले बिट दुरुस्त करण्याची) व्यवस्था वेगळी करावी लागते.

शेवटची बाब आवृत्तीची आहे. लिटलएफएसच्या २.६ पासून चिपवरील मांडणीची आवृत्ती २.० वरून २.१ झाली. नवे फर्मवेअर जुनी चिप वाचते, परंतु पहिल्या लिखाणासोबत ती २.१ करते आणि त्यानंतर जुने साधन ती माउंट करत नाही. बागेत फिरणाऱ्या लॅपटॉपवरील वाचक-साधन फर्मवेअरच्या आधी अद्ययावत करावे. ते शक्य नसेल तर २.७ पासून मिळणारा मल्टिव्हर्जनचा पर्याय चालू करून मांडणी २.० वरच ठेवावी. आमच्या जुन्या ग्राहकांच्या यंत्रांवर आम्ही सध्या तेच केले आहे.