मेलबर्नमध्ये एआयआयएची मेंबरशिप घ्यावी का?

मराठी मंडळाच्या ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी विचारतंच की ते परराष्ट्र धोरणवालं नक्की काय आहे आणि पैसे भरण्यासारखं आहे का, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

एआयआयए म्हणजे ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल अफेअर्स, परराष्ट्र धोरणावर भाषणं-चर्चा ठेवणारी संस्था. 1924 पासूनची, मूळ लंडनच्या चॅटम हाऊसचं, म्हणजे तिथल्या अशाच परराष्ट्र धोरणाच्या संस्थेचं. सहा राज्यांत आणि कॅनबेरात मिळून सात शाखा आहेत, आपण शाखेचे मेंबर होतो. मी व्हिक्टोरियाचा. यांचं ऑफिस ईस्ट मेलबर्नला जॉलिमाँट रोडवर, डायसन हाऊस, स्टेशनवरून चालत जाता येतं. ऑडिटोरियम बिडिटोरियम डोक्यात असेल तर काढून टाका, जुनं घर आहे. आणि हो, एमसीजी स्टेडियम शेजारीच, त्यामुळे फुटीची (इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलची) मॅच असेल त्या संध्याकाळी गाडी घेऊन जायच्या भानगडीत पडू नका. ट्रेनमध्ये पण सगळे मफलरवाले आणि त्यात आपण एकटेच इस्त्रीचा शर्ट घालून.

आता मुख्य गोष्ट म्हणजे माणसं. बोलायला प्रोफेसर, पत्रकार, माजी राजदूत असे येतात, पण खरी मजा श्रोत्यांत आहे, शेजारी चहाचा कप घेऊन बसलेले आजोबा सहज सांगतात की मी जकार्ताला पोस्टिंगवर होतो आणि मग भाषणापेक्षा तेच जास्त ऐकावंसं वाटतं. वसंत व्याख्यानमालेला मागच्या रांगेत बसणारे काका असतात ना, तीच जात! प्रश्न विचारतो म्हणून उभे राहतात आणि पाच मिनिटं प्रश्नच येत नाही, तेही अगदी सेम. मला चालतं, तुमचं तुम्ही बघा.

संस्था स्वतः कुठलीच बाजू घेत नाही, तसा नियमच आहे. ऑकसच्या (अमेरिका-ब्रिटनबरोबरचा अणुपाणबुड्यांचा करार) बाजूचा माणूस पण ऐकायला मिळतो आणि पाणबुड्यांवर पैसे कशाला घालवताय म्हणणारा पण. काही बैठका चॅटम हाऊस रूलवर होतात, म्हणजे ऐकलेलं वापरा पण कोण बोललं ते बाहेर सांगायचं नाही, त्यामुळे लोक जरा मोकळं बोलतात. भारताचा विषय निघाला की मात्र गाडी क्वाड (भारत, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, जपान यांचा गट) आणि चीनवरच जाते, 2022 च्या व्यापार कराराचं आपल्या रोजच्या धंद्याला काय झालं हे कोणीतरी विचारावं लागतं. विचारा की मग, आपल्यातले दोनचार जण असले तर बरंच होईल.

नोकरीसाठी ओळखी होतील म्हणून जात असाल तर कठीण आहे. पॉलिटिक्स किंवा आयआर (इंटरनॅशनल रिलेशन्स) शिकणाऱ्या मुलांनी मात्र नक्की घ्या, स्टुडंट रेट वेगळा असतो आणि इंटर्नशिप पण असतात. बाकीच्यांनी आधी एखाद्या कार्यक्रमाचं नुसतं तिकीट काढून बघा, मेंबर नसलात तरी येऊ देतात, थोडे जास्त पडतात एवढंच.